नवव्या बरगडीच्या टोकाशी

मनुष्य आपल्या देहात जन्मभर राहतो, पण त्या घराच्या खोल्या कोणत्या दिशेला आहेत असे विचारले तर बाहेरगावच्या पाहुण्यासारखा गोंधळतो. पोट दाखव म्हटले तर हात आतड्यांवर ठेवतो, काळीज म्हणून छातीची डावी कड थोपटतो, आणि प्लीहा नावाचे काही आपल्यापाशी आहे हे तर त्याच्या गावीही नसते. परिचारिकांच्या विद्यालयात शरीररचना आणि शरीरक्रिया हे दोन विषय शिकवणाऱ्या मास्तरांनी आपली सारी उमेदीची वर्षे हा गोंधळ निस्तरण्यात घालवली. विद्यार्थिनी त्यांना तोंडावर ‘सर’ म्हणत आणि पाठीमागे ‘बरगडीमास्तर’. हे दुसरे नाव त्यांच्या कानावर आले होते, आणि पहिल्यापेक्षा ते त्यांना अधिक आवडत असे. कारण ते कमावलेले होते.

पहिल्या दिवशी त्यांच्या वर्गात पुस्तक उघडायचे नाही असा दंडक होता. नव्या मुली बुजलेल्या बसलेल्या असत. मास्तर फळ्याकडे पाठ करून उभे राहत आणि म्हणत, “गळ्याखाली खळगी आहे, तिथे बोट ठेवा. आता छातीच्या मधल्या हाडावरून हळूहळू खाली या. एक आडवा उंचवटा लागेल. लागला?”

“मला नाही लागत, सर.”

“लागेल. विधात्याने एकट्या तुझ्यापुरता कंटाळा केला असेल असं मला वाटत नाही.”

वर्ग हसे. हसल्यामुळे खांदे सैल होत आणि उंचवटा सापडे. “त्याच्या दोन्ही अंगांना दुसरी बरगडी आहे. पहिली शोधायच्या फंदात पडू नका, ती गळपट्टीच्या हाडामागे लपून बसते. दुसरीपासून खाली मोजत या. बरगड्या मोजता आल्या, की देहातलं कुठलंच घर अवघड नाही. आणि एक ध्यानात धरा. पुस्तक म्हणजे ऐकीव, बोट म्हणजे प्रत्यक्ष. दोघांचं भांडण झालं तर बोटाची बाजू घ्या.”

हे वाक्य ते दरवर्षी उच्चारत, आणि उच्चारताना त्यांच्या स्वरात एखाद्या व्रतस्थाची शांती असे. देहाविषयी त्यांची श्रद्धा खरी होती. श्वासपटलाचे चढणे-उतरणे समजावताना ते आवाज खाली आणत, जणू कोणी शेजारी ध्यानस्थ बसले आहे.

वर्गाच्या भिंतीवर, सांगाड्याच्या शेजारी, एक मोठा पारदर्शक कागद टांगलेला असे. त्यावर माणसाच्या धडाची आकृती होती: तांबड्या रेषेत हृदय, निळ्यात फुप्फुसे, तपकिरीत यकृत आणि त्याच्या खालच्या कडेला, उजव्या नवव्या बरगडीच्या टोकाशी, हिरव्या रंगात पित्ताशयाचा लहानसा लोलक. छापील तक्त्यांहून ही आकृती निराळी होती. तिचा एक खांदा किंचित खाली होता. बरगड्यांची कमान दोन्हीकडे सारखी नव्हती. ती मापून काढलेल्या कल्पनेची नव्हती, कोण्या जिवंत माणसाची होती. आणि ते माणूस कोण हे मास्तरांनी कोणाला कधी सांगितले नाही.

ती त्यांची पत्नी होती.

अंतर्गत अवयवांच्या सीमा जिवंत माणसाच्या त्वचेवर रेखाटून पाहणे ही या शास्त्राची जुनी रीत आहे. मास्तर नोकरीला नवे लागले तेव्हा ती शिकवण्यासाठी त्यांना जिवंत देह हवा होता. मुलींच्या विद्यालयात पुरुष शिक्षकाने विद्यार्थिनीच्या अंगावर पेन्सिल टेकवणे शक्य नव्हते. तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आलेल्या बायकोपाशी त्यांनी फार आडवळणाने विषय काढला. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “गुदगुल्या होतील का?”

“थोड्या.”

“मग मी हसणार. तुमचं यकृत वाकडं आलं तर मला बोलायचं नाही.”

तेव्हापासून दरवर्षी, सत्र सुरू होण्याआधीच्या सुट्टीत, एखाद्या दुपारी खिडकीजवळच्या पलंगावर हा विधी होई. मास्तर कातडीवर उमटणाऱ्या मेणाच्या पेन्सिली रंगांप्रमाणे मांडून ठेवत, बोटांनी बरगड्या मोजत, रेषा काढत. मग वर पारदर्शक कागद पसरून ती आकृती छापून घेत. वर्षभर मुलींची बोटे फिरून जुना कागद मळे, म्हणून नवा लागे. पहिल्या काही वर्षांत तिला संकोच वाटे. पुढे पुढे ती त्या तासाभरात बाजारहाटापासून शेजारणीच्या सुनेपर्यंत सगळे विषय संपवू लागली.

“लोकांचे नवरे बायकोला दागिने घालून बघतात. आमचे हे मला मूत्रपिंडं घालून बघतात.”

“हलू नकोस.”

“श्वास तरी घेऊ का?”

“घे, पण बेताचा.”

“बघा हं. सगळं आयुष्य बेताचंच घ्यायला लावलंत.”

मुलगी झाली तेव्हा एक वर्ष खंड पडला. बाळंतपणाने पोटाची सारी मापे हलली होती आणि मास्तरांना ती पूर्ववत होईपर्यंत धीर धरावा लागला. बाकी कधी खंड नाही. मुलगी मोठी झाली, शिकली, लग्न करून दूरच्या शहरी गेली. पलंगाशेजारी पेन्सिलींचा डबा तसाच राहिला. भिंतीवरच्या त्या अनामिक धडावर बोटे टेकवून कितीतरी मुली परिचारिका झाल्या आणि ठिकठिकाणच्या रुग्णालयांत पांगल्या. यकृत म्हटले की त्यांच्या मनश्चक्षूंपुढे जे उभे राहत असे, ते त्या एका बाईचे यकृत होते.

सवय ही गोष्ट प्रेमासारखीच दिसते आणि प्रेमाच्या शेजारीच राहते, म्हणून दोहोंची गल्लत होते. इतक्या वर्षांत पत्नीचा देह मास्तरांसाठी नुसता परिचित उरला नव्हता, तो प्रमाण झाला होता. जगातले इतर सारे देह कमी-अधिक, निरोगी-रोगी. हा एक मात्र मूळ पाठ. मूळ पाठात कोणी चुका शोधत नाही.

शेवटच्या वेळी ते रेखाटायला बसले त्या दुपारी प्रकाश उत्तम होता. पत्नी त्या वर्षी बारीक झाली होती. मास्तरांनी बरगड्यांवरून बोट फिरवले आणि त्यांना आनंद झाला. “काय सुरेख लागताहेत! अगदी पहिल्या वर्षासारख्या. वजन उतरवलंस वाटतं?”

“उतरलं आपोआप.”

“छान झालं.”

त्या दिवशी ती फारशी बोलत नव्हती. शेजारणीच्या सुनेचा विषयही निघाला नाही. मास्तरांनी तपकिरी रेषा पुरी केली, हिरवी पेन्सिल घेतली, उजव्या नवव्या बरगडीचे टोक शोधून तिथे बोट दाबले आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, “श्वास घे.” श्वास घेतला की श्वासपटल यकृताला खाली ढकलते आणि त्याची कड बोटाखाली येते. तिने श्वास घेतला, आणि तो अर्ध्यावर थांबला. पेन्सिल घसरून हिरवी रेषा तिरकी गेली.

“हललीस बघ. रेषा गेली.”

“नाही हलले,” ती हळूच म्हणाली. “काढा परत.”

मास्तरांनी कापसाने रेषा पुसली, बोट पुन्हा तिथेच टेकवले आणि यावेळी श्वास घ्यायला न सांगताच लोलक रेखून टाकला. तो पुस्तकात असतो तिथे, तितका आणि तसाच आला. ती दगडासारखी स्थिर पडून होती. कागद गुंडाळताना ते कौतुकाने म्हणाले, “आज कशी शहाण्यासारखी राहिलीस!”

ती कपडे सावरून चहा ठेवायला गेली.

सत्र अर्ध्यावर आले असताना एका सकाळी खिडकीच्या उजेडात वर्तमानपत्र पुढे करताना मास्तरांनी तिच्याकडे पाहिले आणि त्यांचा हात तसाच राहिला. तिच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर हळदीसारखी पिवळी झाक होती. चहा अर्धा टाकून ती दोघे रुग्णालयात गेली.

तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी तिला उताणे निजवले, बोटे बरगडीखाली ठेवली आणि म्हटले, “मावशी, आता मोठा श्वास घ्या.”

तिने श्वास घेतला. तो अर्ध्यावर अडला.

पडद्यापाशी उभ्या असलेल्या मास्तरांनी तो अडलेला श्वास ऐकला. ऐकताक्षणी ओळखला. हाच, अगदी हाच, सुट्टीतल्या त्या दुपारी त्यांच्या स्वतःच्या बोटाखाली अडला होता. पित्ताशयाच्या पाठाला ते दरवर्षी सांगत: इथे बोट दाबून रोग्याला श्वास घ्यायला सांगा, श्वास मध्येच अडला तर समजा, आत काहीतरी आहे, आणि डॉक्टरांना बोलवा. कितीदा सांगितले असेल त्याला गणती नाही. प्रत्यक्ष तो क्षण हाताखाली आला तेव्हा त्यांनी कापूस घेऊन रेषा पुसली होती.

पुढच्या तपासण्यांतून निष्पन्न झाले ते असे: पित्ताशयात उगवलेली गाठ भिंत ओलांडून यकृतात पसरली होती. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. त्वचेचा पिवळेपणा उतरावा म्हणून एक नळी घालतील, वेदना शमवतील, बाकी उपाय नाही. “आधी कळलं असतं तर?” मास्तरांनी विचारले. डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद मिटला. “या आजारात नक्की काहीच म्हणता येत नाही, सर. पण आधी कळणं केव्हाही बरं.”

मुलगी पहिल्या गाडीने आली. आईपाशी बसून ती खूप हसली-बोलली आणि मग बाहेरच्या मोकळ्या सज्जात येऊन भिंतीला टेकून रडली. तिथे मास्तरांनी तिला सगळे सांगितले. तिरकी गेलेली रेषा, कापूस, ‘शहाण्यासारखी राहिलीस’ हे शब्दसुद्धा.

मुलीने डोळे पुसले. “बाबा, हे आईला सांगणार आहात?”

“सांगायला हवं.”

“कशासाठी? तिचं दुखणं कमी होणार आहे का त्यानं?”

“नाही. पण तिच्या देहाची गोष्ट आहे ती. तिच्यापासून लपवून...”

“तुम्हाला हलकं व्हायचंय,” मुलगी म्हणाली. तिच्या शब्दांत राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले. “व्हा ना, माझ्यापाशी व्हा. माझ्यावर ओरडा, माझ्यासमोर रडा. पण तिच्या अंगावर आता आणखी वजन टाकू नका. ती उलट तुमचीच समजूत काढत बसेल. तुम्हाला माहीत नाही का ती?”

मुलीचे म्हणणे चुकीचे नव्हते, आणि आपलेही चुकीचे नाही असे त्यांना वाटत होते. जिने आपला देह इतकी वर्षे विश्वासाने हाताखाली दिला, तिला तिच्या देहाविषयीचे सत्य न सांगता जाऊ द्यायचे? की स्वतःच्या मनाची टोचणी सत्याचे वस्त्र पांघरून तिच्या उशाशी नेऊन बसवायची? या दोहोंमधली कड त्यांच्या बोटांना लागेना.

पुढचे काही दिवस ते खाटेशेजारी बसून राहिले. पत्नीच्या वाणीला मात्र दुखण्याची बाधा झाली नव्हती. एके सकाळी चादर बदलायला आलेल्या परिचारिकेने मास्तरांना पाहून वाकून नमस्कार केला. “सर, ओळखलंत? मला उंचवटा सापडत नव्हता तीच मी.”

“दरवर्षी एकीला सापडत नाही,” मास्तर म्हणाले.

परिचारिका हसली आणि पत्नीकडे वळली. “काकू, सरांनी आमच्याकडून काय बरगड्या मोजून घेतल्यात! अजून रोग्याला हात लावला की मला भिंतीवरचा तो कागद दिसतो. एक खांदा खाली असलेला.”

“कुठला खांदा?”

“डावा.”

पत्नीने अंगावरची चादर सारून आपला डावा खांदा पुढे केला. “हा का?”

परिचारिकेच्या हातातली उशी तशीच राहिली. खांद्यावर तिची दृष्टी स्थिरावली, मग मास्तरांकडे गेली, आणि पुन्हा खांद्याकडे आली. “म्हणजे... काकू, तुम्ही?”

“मीच. तुझ्या सरांचा फळा. इतक्या जणींनी बोटं लावली, एकीनं कधी विचारलं नाही, बाई गं, तू बरी आहेस ना?” असे म्हणून ती स्वतःच हसली. परिचारिकाही हसली, मग तिला हसवेना. जाताना तिने त्या खांद्यावर चादर दोनदा सारखी केली.

मास्तर तेवढ्यात उठून खिडकीपाशी गेले होते.

त्याच दुपारी मुलगी औषधे आणायला खाली गेली असताना ते बोलले. ठरवून नाही. पत्नीने पाण्याचा पेला परत दिला, तो ठेवण्यासाठी ते वाकले, आणि वाकलेल्या अवस्थेतच म्हणाले, “सुट्टीत मी रेषा काढत होतो ना, तेव्हा तुझा श्वास अडला होता.”

तिने चादरीची कड बोटांत धरली.

“मला कळायला हवं होतं. मुलींना मी तेच शिकवतो. मला वाटलं, तू हललीस.”

“मला दुखलं होतं,” ती म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

“रेषा बिघडली होती तुमची. दुसऱ्यांदा बिघडली असती तर चिडला असतात.” तिने उशीवर मान सरळ केली. बोलताना ती छताकडे पाहत होती, जुन्या सहलीची हकिगत सांगावी तशी. “खरं सांगू का? त्याच्या आधी बरेच दिवस दुखतच होतं अधूनमधून. खालच्या गल्लीतल्या डॉक्टरकडं जाऊन येऊ, असं मनात होतं. मग म्हटलं, सुट्टी तोंडावर आलीय. तुम्ही रेखाटायला बसालच. घरात एवढा जाणता हात असताना बाहेर कशाला दाखवायचं? म्हणून थांबले. आणि तुमचं बोट नेमकं तिथं आलं. बरोबर तिथंच. मी श्वास रोखून वाट बघत होते, आता हे काय म्हणतात. तुम्ही रेषा काढलीत आणि पुढं गेलात.” ती किंचित हसली. “मला केवढं बरं वाटलं! म्हटलं, चला, काही नाही. असतं तर यांच्या बोटाला लागलं असतं. त्या रात्री कितीतरी दिवसांनी गाढ झोपले मी. डॉक्टरकडं जायचं मग डोक्यातूनच गेलं.”

तिच्या बोलण्यात दूषण नव्हते. ती केवळ घडले ते सांगत होती, आणि सांगून झाल्यावर तिने त्यांच्याकडे पाहिले तेव्हा तिला दिसले की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरले आहे. आपण काय बोललो ते तिला तेव्हा कळले असावे. तिने हात पुढे केला.

“अहो. बसा आधी. तसं नाही म्हणायचं मला.”

मास्तर बसले. आपण एक खूण ओळखायला चुकलो, इतकाच अपराध घेऊन ते बोलायला आले होते. आपल्या हातानेच तिला दाराबाहेर जाण्यापासून अडवले, आपले मौन तिने औषधासारखे घेतले, हे त्यांना ठाऊक नव्हते. न पाहणाऱ्या माणसाला निदान अंधाराचा आधार असतो. त्यांनी हात ठेवला होता, आणि तो हात तिच्या लेखी निकाल होता.

पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीला कोणीतरी फळ कापून देत होते.

“आता सांगा,” ती म्हणाली.

“काय?”

“तिथं काय आहे ते. डॉक्टरीणबाई गोड बोलतात, पोरगी विषय बदलते. तुम्ही हात लावून सांगा. आणि पुस्तकातलं नको.”

मास्तरांनी हात चादरीखाली नेला. बोटांना बरगडीची कमान लागली, आणि कमानीखाली, जिथे निरोगी माणसाचे काहीच लागू नये तिथे, यकृताची कड लागली. ती मऊ नव्हती. तिच्यावर खडे असावेत तशी ती खडबडीत होती आणि चार बोटे खाली उतरली होती. ते हलक्या हाताने त्या कडेवरून गेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि जे जे बोटाला लागत होते ते ते त्यांनी सांगितले. आवाज एकदा फुटला, तेव्हा ते थांबले आणि पुन्हा तिथूनच सांगू लागले. ती ऐकत होती. इतकी वर्षे त्यांची व्याख्याने तिने कामे करता करता कानाआड केली होती. हे एक तिने शब्द न गाळता ऐकले.

“आणि पुढं काय होतं?”

“यकृत थकत जातं. रक्तातलं विष काढण्याचं त्याचं काम थांबतं. मग... झोप वाढते. माणसं ओळखायला वेळ लागतो.”

“तुम्हाला ओळखीन ना?”

मास्तरांनी आयुष्यात देहाविषयी खोटे उत्तर दिले नव्हते. “कदाचित नाही,” ते म्हणाले.

तिने डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांच्या कडेने पाणी ओघळून कानापर्यंत गेले; तिने ते पुसले नाही आणि त्यांनाही पुसता आले नाही, कारण त्यांचा हात तिने वरून धरून ठेवला होता. हळूहळू औषधाची गुंगी चढली. पकड सैल झाली. मास्तरांनी हात काढला नाही. तळव्याखाली तिचा श्वास येत होता, जात होता, उथळ आणि बेताचा.

मुलगी औषधे घेऊन परतली तेव्हा आई झोपली होती. वडिलांकडे एकदा पाहताच तिला समजले. तिने त्यांना खुणेने सज्जात बोलावले.

“सांगितलंत ना शेवटी?”

“हो.”

“रागावली?”

“नाही,” मास्तर म्हणाले. “रागावली नाही.”

मुलीने सुटकेचा श्वास टाकला आणि वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. “बघा. मला माहीत होतं. आई कधी रागवायचीच नाही तुमच्यावर. आता तुम्हीसुद्धा स्वतःला माफ करा, बाबा.”

मास्तरांनी मान हलवली. खाली रुग्णालयाच्या फाटकातून माणसे आत येत होती, बाहेर जात होती. पत्नीने सांगितलेले ते पुढचे, गाढ झोपेचे, मुलीला सांगावे असे एकदा त्यांच्या ओठांवर आले. पाठीवरचा तिचा हात ऊबदार होता, निःशंक होता, काही शोधत नव्हता. ते काहीच बोलले नाहीत.